शिरोरेषा एकसंध कापायची तर: इंकस्केप आणि शीटकॅम या जोडीचे परीक्षण

घरामागच्या शेडमध्ये चार बाय चार फुटांचे सीएनसी प्लाझ्मा टेबल, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने तप्त वायूच्या झोताने पत्रा कापणारे यंत्र, बसवून मला दीड वर्ष झाले. टॉर्च (झोत सोडणारे तोंड), कॉम्प्रेसर आणि कंट्रोलर (यंत्राची हालचाल चालवणारा भाग) यांची ओळख आठवडाभरात झाली. आरेखन शिकायला मात्र चार महिने लागले. त्या काळात माझ्या चुकांमुळे बराच पत्रा भंगारात गेला, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे. चित्र आणि अक्षरे मी इंकस्केपमध्ये तयार करतो आणि त्यांवरून टॉर्चचा मार्ग शीटकॅममध्ये आखतो. माझे बहुतेक काम दारावरच्या मराठी पाट्या, गेटवरची नक्षी आणि ग्रीलचे तुकडे यांचे आहे, त्यामुळे माझे मतही त्या कामापुरतेच समजावे.

इंकस्केप मोफत आणि मुक्तस्रोत आहे, पण मी ते निवडले ते देवनागरीसाठी. युनिकोड टंक वापरला की जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या जागच्या जागी बसतात; ‘एक टाइप’ या टंकनिर्मिती संस्थेने केलेला ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ मोफत उतरवून घेतला तरी पाटीचे काम उत्तम होते. छपाईवाल्यांकडून येणाऱ्या फायली अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांतल्या असतात. अशा वेळी अक्षरांचे वक्ररेषांत रूपांतर करूनच फाईल मागावी, नाहीतर आपल्या संगणकावर ती अगम्य चिन्हे होऊन उघडते.

देवनागरीचा खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर ही स्वतंत्र आकृती असते आणि शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा किंचित एकमेकींवर चढलेल्या असतात. पडद्यावर किंवा कागदावर ते दिसत नाही, पण टॉर्चला दिलेली प्रत्येक रेघ म्हणजे कापच असल्यामुळे ती चढलेली जागाही कापली जाते आणि सबंध शब्दाऐवजी सुटी अक्षरे हातात येतात. उपाय दोन आज्ञांचा आहे: आधी ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ने अक्षरांचे बाह्यरेषेत रूपांतर करायचे, गट असेल तर तो सोडवायचा, आणि मग सर्व अक्षरे निवडून ‘युनियन’ द्यायचे. त्यानंतर ‘आउटलाइन’ दृश्य लावून पाहिले की शब्दाभोवती एकच अखंड रेघ दिसली पाहिजे. हे तपासल्याशिवाय मी आता एकही फाईल पुढे पाठवत नाही.

सलग शिरोरेषा ही आपल्या लिपीने प्लाझ्मावाल्याला दिलेली देणगीच आहे, कारण इंग्रजी पाटीत सुटी अक्षरे मागच्या पट्टीवर एकेक करून जोडावी लागतात, तर मराठी शब्द शिरोरेषेलाच टांगलेला राहतो. मात्र ‘भ’ आणि ‘ध’ या अक्षरांपाशी शिरोरेषा तुटते. ‘शुभ लाभ’ ही सर्वांत जास्त मागणी असलेली पाटी बहुतेक टंकांत चार तुकड्यांत सुटते: शु, भ, ला, भ. अनुस्वाराचा ठिपकाही अधांतरी असल्यामुळे खाली गळून पडतो. अशा ठिकाणी मी चार ते पाच मिलिमीटर रुंदीचा छोटा आयत काढून तो दोन्ही भागांवर चढवतो आणि ‘युनियन’मध्ये सामावून घेतो, शब्दाखाली सलग पट्टी दिली तर काम अधिक भक्कम होते. उलट पत्र्यातून अक्षर कोरून काढायचे असेल, तर ‘व’, ‘ब’, ‘प’, ‘म’ यांच्या पोटातले भाग गळतात आणि त्यांनाही असेच पूल द्यावे लागतात.

चित्रावरून आरेखन करण्यासाठी इंकस्केपमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ आहे. गणपतीचे रेखाचित्र त्यात टाकले की प्रत्येक जाड रेघेच्या दोन्ही कडांचा माग निघतो. रेघेवरून एकच काप हवा असेल, तर त्याच खिडकीतला मध्यरेषेचा पर्याय वापरावा. अशा मागात हजारो नोड (रेघेला आकार देणारे बिंदू) येतात. इतके बारीक तुकडे ओलांडताना यंत्र अडखळते, टॉर्च एका जागी रेंगाळते, कड जळते आणि खाली स्लॅग (वितळून गोठलेला धातू) साचतो. ‘सिम्प्लिफाय’ने नोड कमी होतात; पण ती आज्ञा टोकदार कोपरेही गोल करते, म्हणून एकदाच द्यावी आणि उरलेले हाताने सुधारावे. हे कंटाळवाणे आहे, पण कापाची सफाई याच टप्प्यावर ठरते असे माझे ठाम मत झाले आहे.

मापांची काळजी वेगळी घ्यावी लागते. इंकस्केपने २०१७ च्या ०.९२ आवृत्तीत इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल हे प्रमाण स्वीकारले, त्यामुळे जुन्या हिशोबातली ३०० मिलिमीटरची पाटी नव्या हिशोबात सुमारे २८१ मिलिमीटर भरू शकते. आरेखन शीटकॅमकडे नेणाऱ्या डीएक्सएफ फाईलमध्ये एकक मिलिमीटर की इंच याचाही घोळ होतो आणि आकृती २५.४ पटींनी लहान किंवा मोठी उघडते. फाईल शीटकॅममध्ये उघडल्यावर एकूण रुंदी वाचून घेणे हाच सोपा उपाय आहे.

शीटकॅमचा पडदा जुन्या धाटणीचा आहे, पण शिकण्यासाठी याहून स्पष्ट साधन मला मिळाले नाही, कारण प्लाझ्माचे सगळे तर्कशास्त्र ते एकेका रकान्यात समोर मांडते. कर्फची (कापात पडणाऱ्या फटीची) रुंदी, कापण्याचा वेग, छेद (पत्र्याला पाडायचे पहिले भोक) घेतानाची उंची, कापतानाची उंची आणि छेदासाठीचा विलंब हे सारे हत्याराच्या नोंदीत भरायचे असते. ३ मिलिमीटरच्या एम. एस. (साध्या पोलादी) पत्र्यावर माझ्या टॉर्चचा कर्फ १.३ मिलिमीटरच्या आसपास येतो. तो रिकाम्या तुकड्यावर काप घेऊन मोजावा, कोणाचा आकडा उसना घेऊ नये. बाहेरच्या रेघेला बाहेरचे आणि छिद्राला आतले ऑफसेट दिले की टॉर्चचा मार्ग कर्फच्या निम्म्या रुंदीने टाकाऊ बाजूला सरकतो आणि माप बरोबर येते. अक्षरातली फट कर्फपेक्षा अरुंद असेल तर तिथे मार्ग बसतच नाही, म्हणून बारीक पोटाचे टंक मुळातच टाळावेत.

‘लीड-इन’चे, म्हणजे रेघेवर येण्याआधीच्या छोट्या प्रवेशमार्गाचे, महत्त्व मला उशिरा कळले. छेद घेताना पत्र्यावर खड्डा पडतो, म्हणून तो रेघेवर न घेता टाकाऊ भागात घ्यावा आणि मग रेघेवर यावे. सुरुवातीचा बिंदू शीटकॅममध्ये हवा तिथे हलवता येतो. आधी आतली छिद्रे आणि शेवटी बाहेरची कड हा क्रमही पाळावा, कारण बाहेरचा काप आधी झाला की तुकडा सरकतो किंवा खाली कलतो. दिशाही पाहावी लागते: नोझलमधला वायू भोवऱ्यासारखा फिरत असल्यामुळे टॉर्चच्या उजवीकडची कड जास्त सरळ येते, म्हणून बाहेरचा काप घड्याळाच्या दिशेने आणि छिद्र उलट दिशेने घ्यायचे. हे सर्व सिम्युलेशनमध्ये आधी पाहता येते.

शीटकॅम विकत घ्यावे लागते. चाचणी आवृत्तीत जी-कोड (यंत्राला द्यायच्या आज्ञांची यादी) १८० ओळींपुरताच निघतो; साध्या ब्रॅकेटला तो पुरतो, नक्षीला पुरत नाही. तरीही नवशिक्याने आधी महिनाभर चाचणी आवृत्तीवरच काम करावे आणि आपल्या कंट्रोलरसाठी योग्य पोस्ट-प्रोसेसर (मार्गाचे त्या कंट्रोलरला समजणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणारा भाग) त्यात आहे याची खात्री करून मगच पैसे द्यावेत.

फ्यूजन या दुसऱ्या आरेखन प्रणालीची वैयक्तिक वापराची आवृत्ती मोफत आहे आणि यंत्राच्या भागांसाठी ती उत्तम आहे, परंतु एका वेळी दहाच फायली संपादनासाठी खुल्या ठेवता येतात आणि पाटीसाठी तो पसारा अनावश्यक वाटतो. लिनक्ससीएनसी या यंत्र चालवणाऱ्या प्रणालीवर क्यूटीप्लाझ्मासी हा तिचा प्लाझ्मासाठीचा पडदा चालवणाऱ्यांना वर्तुळ, चौकोन, ब्रॅकेट असे साधे आकार टेबलापाशीच तयार करता येतात.

नवी फाईल मी थेट पत्र्यावर नेत नाही. टॉर्चचा विद्युतपुरवठा बंद ठेवून तिच्या धारकाला मार्कर बांधतो, टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरतो आणि संपूर्ण मार्ग त्यावर काढून घेतो. ‘शुभ लाभ’मधला राहून गेलेला पूल अशाच एका कागदावर मला दिसला होता, आणि ती पाटी पुढे पहिल्याच कापात अखंड उचलता आली.