सौरपंप की वीजजोडणी? आधी विहिरीत डोकावा

शेतीपंपाच्या वीजजोडणीसाठी डिमांड (महावितरणने मागितलेले पैसे) भरून बसलेल्या नाशिककडच्या शेतकऱ्यापुढे आज दोन वाटा आहेत. जोडणीची वाट बघायची, नाहीतर सौरपंप घ्यायचा. पैशावरून ठरवू नका, कारण सरकारने दोन्हीकडे हात सैल सोडलाय. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत माफ आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी मिळतो, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे साडेसात.

सौरचा पहिला फायदा म्हणजे रात्रीची झोप. मोटारीला लागणाऱ्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची आली की बॅटरी घेऊन उसातून जायचं, आणि निफाड-सिन्नरकडे उसात बिबट्या असतो हे कुणाला सांगायला नको. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर चार-आठ दिवस गेले. सौरला यातलं काहीच नाही. द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर), एप्रिल-मे महिन्यात बागेला पाणी जास्त लागतं आणि ऊनही तेव्हाच रणरणतं.

मग अडतं कुठे? ड्रीपला, म्हणजे ठिबकला, दाब सारखा लागतो. सौरपंप सकाळी नऊला कण्हत चालतो, दुपारी जोरात, ढग आला की परत मंद. शेवटच्या ओळीतल्या वेलींना पाणी पुरत नाही. दुसरी अडचण खास आपल्याकडची. डिसेंबर-जानेवारीत निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा घसरल्याची बातमी आली की द्राक्षवाले पहाटे चारला मोटार चालू करतात, गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून. त्या वेळी सूर्य कुठून आणणार?

शेततळं असेल तर निम्मा प्रश्न सुटतो. दिवसभर उन्हावर तळं भरायचं आणि तिथून छोट्या पंपाने ड्रीप चालवायचं. फक्त त्या छोट्या पंपाला, पहाटेच्या पाण्यालाही, वीज कुठून आणायची ते आधी ठरवा.

पॅनेल धुवायचा कंटाळा असेल तर सौरच्या नादी लागू नका. बागेशेजारी फवारणीचा थर बसतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, २०३० पर्यंत गाठायची. त्यातलं सातवं स्वच्छ ऊर्जेचं, सहावं पाण्याचं. सौरपंप सातव्याला पावतो, सहाव्याच्या मुळावर येऊ शकतो. ऊन फुकट, वीजही फुकट. मग मोटार बंद करायची आठवण कुणाला राहते? बोअर आटली की दोन्ही पंप सारखेच.

माझं मत विचाराल तर विहीर आणि शेततळं असेल, कांदा-भाजीपाला असेल, तर सौर डोळे झाकून घ्या. खोल बोअरवरची मोठी द्राक्षबाग असेल, तर जोडणीसाठी थांबा. आधीची वीजजोडणी असेल तर सौरच्या योजनेत बसत नाही, त्यामुळे ती आहे तशी सांभाळा.