टाचेखालचा टॉवेल: गुडघा बदलल्यानंतरचे अकरा महिने

माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अकरा महिने झाले. वय 63. तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी फळ्यासमोर उभ्यानेच गेली. उजवा गुडघाही त्याच वाटेवर आहे, म्हणजे हे सगळं मला पुन्हा एकदा करायचं आहे. ज्यांची तारीख ठरली आहे आणि ज्यांचं अजून ठरत नाहीये, अशा दोघांसाठी लिहितेय. मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन महिन्यांचा त्रास वाचला असता.

सगळे म्हणतात 'वाटी बदलली'. मीही तेच समजून गेले होते. प्रत्यक्षात वाटी बहुतेक आपलीच राहते, फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचं एक छोटं बटण बसवतात. बदलतात ते दोन हाडांचे घासणारे पृष्ठभाग. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक, दोन्हीकडून साधारण 8 ते 10 मिलिमीटरचा थर कापून त्यावर धातूचं आवरण चढवतात. वरचं सहसा कोबाल्ट-क्रोमचं असतं, खालचं टायटॅनियमचं किंवा कोबाल्ट-क्रोमचं. मधे पॉलिएथिलीन नावाच्या प्लॅस्टिकची चकती असते, ती कूर्चेचं काम करते. बाकी स्नायू, दोन्ही बाजूंचे अस्थिबंध, कातडी सगळं आपलंच, आणि ते वर्षानुवर्षं लंगडून कमजोर झालेलं. धातू पहिल्या दिवसापासून तयार असतो. आपण तयार नसतो. हे मला फार उशिरा उमगलं.

ऑपरेशन कधी करायचं, याचं उत्तर एक्स-रेत शोधू नका. माझ्या एक्स-रेत तीन वर्षांपूर्वीच सांध्यातली फट संपली होती, तरी तेव्हा माझं चालणं बऱ्यापैकी होतं. उलट काहींचा एक्स-रे बरा दिसतो आणि दुखणं जबर असतं. अशांनी तर जास्तच विचार करावा, कारण झीज कमी असताना ऑपरेशन केलेल्यांमध्ये नंतर नाराज राहणारे जास्त असतात. व्यायाम, वजन, गोळ्या, गरज पडल्यास इंजेक्शन हे सगळं मनापासून करून झालं, तरीही रात्री दुखण्याने जाग येते, घरातल्या घरात फिरणंही टाळावंसं वाटतं, तेव्हा वेळ आली असं समजावं. आणि झीज फक्त आतल्या एका बाजूलाच असेल तर अर्धा गुडघा बदलून भागेल का, हे जरूर विचारा.

पण वाटही फार पाहू नये. मी पाहिली. ऑपरेशनच्या आधीच माझा गुडघा पूर्ण सरळ होईनासा झाला होता. उताणं झोपलं की गुडघ्याखाली पोकळी राहायची. दुखत नाही ना, मग असू दे, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

तयारीबद्दल थोडक्यात सांगते. साखर आटोक्यात हवी, दात तपासून घ्यावेत, पायावर जखम किंवा फोड असेल तर लपवू नये, सिगारेट-तंबाखू आधीच्या काही आठवड्यांत पूर्ण बंद. हे सगळं जंतुसंसर्ग टाळण्यासाठी आणि जखम भरण्यासाठी आहे, औपचारिकता नाही. मांडीचे व्यायाम आधीपासून सुरू करावेत. घरात हातांची, थोडी उंच खुर्ची हवी. पायात अडकतील असे गालिचे उचलून ठेवावेत. संडासाची सीट उंच करून घ्यावी.

ऑपरेशनची भीती मला फार होती आणि तेच सगळ्यात सोपं निघालं. कमरेत इंजेक्शन, थोडी गुंगी, दूरवरून आल्यासारखा ठोकण्याचा आवाज, दीड तासात बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभी राहिले आणि दुखलंच नाही. आमच्या ह्यांना फोनवर म्हटलं, 'उगाच घाबरत होते.' नसांजवळ दिलेल्या बधिर करणाऱ्या औषधाचा तो परिणाम होता. त्याच रात्री तो उतरला आणि मग कळलं. ज्यांचं व्हायचं आहे त्यांना एकच सांगणं: गोळी दुखणं वाढल्यावर नाही, ठरल्या वेळेला घ्या. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलेली गोळी त्या व्यायामाला जीव देते. या गोळ्यांनी पोट मात्र साफ होत नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

आता माझी तक्रार. तिसऱ्या रात्री खूप दुखत होतं, तर एका सिस्टरने प्रेमानेच गुडघ्याखाली उशी सारली. इतकं बरं वाटलं! थोडा वाकलेला गुडघा सैल असतो, म्हणून आराम वाटतो. ती उशी घरीही आली. दिवसा उशी, रात्री उशी. हे करू नका असं मला त्या चार दिवसांत कुणीच सांगितलं नाही. डिस्चार्जच्या कागदात गोळ्यांच्या वेळा होत्या, टाके काढायची तारीख होती, उशीबद्दल एक अक्षर नव्हतं.

बाराव्या दिवशी टाके काढले, स्टेपलरच्या पिनांसारखे, एकेक चिमटीत उचलून. त्यानंतर फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला टेबलावर उताणं झोपवलं, पाय सैल सोडायला सांगितला आणि गुडघ्याखालून आपला हात घातला. तळहात सरळ आरपार गेला, बोटं पलीकडून दिसली. त्या म्हणाल्या, 'काकू, इथून उजेड दिसतोय. हा उजेड बंद करायचा आहे आपल्याला.' कोनमापकाने मोजलं तर गुडघा सरळ व्हायला 14 अंश कमी पडत होते.

लोक विचारतात 'किती वाकतो?' सरळ किती होतो, हे कुणी विचारत नाही. पण चालण्यासाठी आधी तेच लागतं. गुडघा सरळ होत नसेल तर उभं असतानाही मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहतो, पाय लवकर दमतो, आपण लंगडतो, मग कंबर धरते. आणि पहिल्या काही आठवड्यांत सांध्यात आतून व्रण धरत असतो. तो ज्या स्थितीत घट्ट होतो, ती स्थिती नंतर सोडवणं जड जातं.

उपाय म्हणजे एक टॉवेल. गुंडाळी करून गुडघ्याखाली नाही, टाचेखाली ठेवायचा. गुडघा अधांतरी लोंबू द्यायचा, बोटं छताकडे, पाय बाहेर कलंडू द्यायचा नाही. पहिल्यांदा तीन मिनिटं झाली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. गुडघ्याच्या मागची शीर कुणी दोरीसारखी ओढतंय असं वाटायचं. मग पाच मिनिटं, मग दहा. दिवसातून पाच वेळा. शेवटी मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. सून रोज रात्री हात घालून बघायची. आधी पूर्ण तळहात जायचा, मग बोटं, मग दोनच बोटं. दोन बोटांवर आम्ही तीन आठवडे अडकलो होतो.

वाकवणं अर्थात लागतंच. सपाट चालायला साधारण 65 ते 70 अंश पुरतात, जिना चढायला 90च्या आसपास, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला त्याहून थोडे जास्त. माझा आता 115 वाकतो. जाऊबाईंचा महिन्याभरात 120 झाला होता आणि त्या रोज फोन करून माझा आकडा विचारायच्या. मायेने विचारायच्या, पण मी फोन ठेवून रडायची. आकडे एकमेकींशी जुळवू नका. ऑपरेशनआधी किती वाकत होता, यावर नंतरचं बरंच ठरतं. मात्र सहा-आठ आठवड्यांनीही 90 गाठत नसेल तर गप्प बसू नका, सर्जनना दाखवा. भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करता येतो, पण तो पहिल्या तीन महिन्यांत केला तर जास्त उपयोगी पडतो.

रात्री फार वाईट जातात, हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. पहिले सहा आठवडे मी सलग तीन तास झोपले नाही. कूस बदलली की जाग. पाचव्या आठवड्यात मन इतकं खचलं की कशाला केलं हे, असं वाटायचं. पुष्कळांना असं होतं आणि ते जातं. घरच्यांनी हे आधीपासून माहीत करून घ्यावं.

काही गोष्टी घाबरवतात पण साध्या असतात. चालताना टकटक आवाज येतो, धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांना लागल्याचा. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहते, कारण तिथली बारीक नस कापली जाते. माझा तेवढा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे. सूज आणि गरमपणा सहा महिने, कधी त्याहून जास्त राहतो. बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं, पाय उंच करून.

काहींना मात्र घाबरायलाच हवं. पोटरी अचानक दुखून सुजली तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नये. जखमेतून पाणी येणं, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, ताप, पसरणारी लाली, यातलं काही झालं तर थेट सर्जनकडे. जवळच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक घेऊन बघू, असं करू नका. सांध्यातलं पाणी तपासण्याआधी ते घेतलं तर जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबतं.

रोबोटबद्दल सगळे विचारतात. माझं साध्या पद्धतीने झालं. रोबोटने काप जास्त अचूक येतात, पण काही वर्षांनी चालण्या-फिरण्यात ठळक फरक पडतो असं अजून दिसलेलं नाही. मी यंत्रापेक्षा सर्जन वर्षाला असे किती गुडघे करतात हे विचारेन. टिकण्याचं म्हणाल तर 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार साधारण 82 टक्के संपूर्ण गुडघे 25 वर्षं चालतात. म्हणजे माझ्या वयाला बहुधा हाच शेवटपर्यंत पुरेल. दुसरा आकडाही सांगायला हवा. वेगवेगळ्या अभ्यासांत 10 ते 20 टक्के लोक ऑपरेशननंतर समाधानी नसतात. सगळं नीट होऊनही काहींचं दुखणं राहतं. सही करण्याआधी हे डोळ्यांसमोर असू द्यावं.

माझं आज असं आहे: तासभर चालते, दुखत नाही. जिना एकेक पाऊल बदलत चढते. सुरुवातीला चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, असं पाठ करून चालायचे. आता आठवावं लागत नाही, उतरताना तेवढा कठडा धरते. गुडघा टेकून बसता येतं पण नको वाटतं, बधिर कातडीवर विचित्र लागतं. उकिडवं बसणं संपलं. पळायचं नाही, उड्या नाहीत. रात्री दुखण्याने जाग येत नाही, आणि ऑपरेशन मी त्याच्यासाठीच केलं होतं.

उजव्याची तारीख तीन महिन्यांनी आहे. तोही आता 6 अंश कमी सरळ होतो, म्हणून टाचेखालचा टॉवेल मी आत्तापासूनच सुरू केला आहे, दिवसातून तीन वेळा, दहा-दहा मिनिटं. सुनेला सांगून ठेवलंय, दवाखान्यात कुणी गुडघ्याखाली उशी ठेवली तर मी कितीही विनवलं तरी काढून घे.