प्लॉटरवरचे व्हेक्टर चार्ट: पाचपैकी साडेतीन

छोट्या बोटींच्या प्लॉटरवर (जीपीएसने बोटीची जागा दाखवणारा पडदा) मिळणारे व्हेक्टर चार्ट, म्हणजे झूमप्रमाणे तपशील कमीजास्त दाखवणारे डिजिटल सागरी नकाशे, पैसे वसूल करतात; बोट कुठे आहे ते क्षणात कळतं, मार्ग आखणं सोपं. भानगड झूममध्ये आहे. झूम कमी केला की बारीक तपशील गळतो, कधी उथळ खडकही. २०१४ मध्ये व्हॉल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘टीम वेस्टास विंड’ ही शिडाची बोट हिंदी महासागरातल्या कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळांवर चढली, त्यात याचा मोठा वाटा होता. मार्ग आखल्यावर मोठ्या झूमवर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवून बघाच.

उलट, झूम वाढवला म्हणून अचूकता वाढत नाही. अधिकृत चार्टमध्ये सर्वेक्षणाचा दर्जा दिलेला असतो: ‘ए१’ म्हणजे जागेत ५ मीटरपर्यंत चूक, ‘सी’ म्हणजे ५०० मीटरपर्यंत. मग जीपीएस कितीही नेमकं असो, खडकच अर्धा किलोमीटर इकडेतिकडे!

मोठ्या जहाजावरच्या एक्डिसवर (इलेक्ट्रॉनिक चार्ट दाखवणारी यंत्रणा) सेफ्टी कंटूर, म्हणजे सुरक्षित खोलीची सीमारेषा, ७ मीटर लावला आणि चार्टमध्ये ५ व १० मीटर खोलीच्याच रेषा असल्या, तर ती यंत्रणा १० ची रेषा धरते.

कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी पावसाळ्यात वाळू सरकते. तिथे चार्टवरची खोली जुनी समजा. इको साउंडर (आवाजाने खोली मोजणारं यंत्र) चालू ठेवा, भरतीवरच आत शिरा आणि आधी गावातल्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या म्होरक्याला, विचारा.