‘खेळाच्या जोरावर अमेरिकेत प्रवेश’ देणारी सल्लासेवा: घ्यावी का?

अमेरिकेतील महाविद्यालयांत खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून देण्याचे काम करणाऱ्या मुंबईच्या एका सल्लागार संस्थेची सेवा आम्ही आमच्या मुलीसाठी घेतली. संस्थेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण याच धर्तीची पॅकेजेस आता रत्नागिरी, कुडाळ आणि अलिबागच्या सभागृहांतही विकली जात आहेत आणि मला जे सांगायचे आहे ते यांपैकी कोणत्याही सेवेला लावून पाहता येईल. माझे मत आधीच सांगते. कागदपत्रांच्या कामात ही संस्था चोख आहे, खेळाच्या बाजूने कामचलाऊ आहे, आणि ज्यासाठी पालक मुख्यतः दीड लाख रुपये आणि वर जीएसटी मोजतात, त्या प्रवेशाच्या निकषांविषयी मात्र ती अर्धीच माहिती देते.

परिचय सभेत आम्हाला सांगितले गेले की खेळाडूंना गुणांची फारशी अट नसते. पुरावा म्हणून पडद्यावर हार्वर्डचे आकडे आले. ते आकडे खरे आहेत. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर जो खटला चालला आणि ज्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला, त्या खटल्यात उघड झालेल्या माहितीनुसार प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळत होता. अभ्यासात चौथ्या, म्हणजे बऱ्याच खालच्या श्रेणीत धरलेल्या खेळाडूंपैकीही सुमारे ७० टक्के आत जात होते, तर त्याच श्रेणीतल्या सर्वसाधारण अर्जदारांना संधी मिळण्याचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी होते. हे ऐकून कोणत्याही पालकाचे मन हुरळून जाईल. पण ८६ टक्के हे प्रमाण खेळणाऱ्या सगळ्या मुलांचे नाही. ज्यांचे नाव प्रशिक्षकाने आपल्या मोजक्या यादीत घातले, ज्यांच्या गुणपत्रिका बहुतेक वेळा अर्ज करण्यापूर्वीच प्रवेश कार्यालयाने नजरेखालून घातल्या, त्या मुलांचे हे प्रमाण आहे. चाळणी आधीच लागलेली असते आणि त्या चाळणीविषयी सभेत कोणी चकार शब्द काढला नाही.

निकष प्रत्यक्षात कसे चालतात ते थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या पैशांची किंमत ठरली ती इथेच. एनसीएए या क्रीडासंघटनेत सुमारे १,१०० महाविद्यालये असून ती तीन डिव्हिजनमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या तीन स्तरांत, विभागलेली आहेत. पहिल्या दोन डिव्हिजनमध्ये खेळायचे असेल, तर संघटनेच्या पात्रता केंद्राकडून शैक्षणिक पात्रता मान्य करून घ्यावी लागते: नववी ते बारावीच्या चार वर्षांत १६ मुख्य विषय, त्यांत इंग्रजी चार वर्षांचे, गणित तीन वर्षांचे आणि विज्ञान किमान दोन वर्षांचे, आणि या विषयांतली सरासरी ४ पैकी पहिल्या डिव्हिजनसाठी किमान २.३, तर दुसऱ्यासाठी २.२. पहिल्या डिव्हिजनची आणखी एक अट अशी की १६ पैकी १० विषय शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावेत. एसएटी किंवा एसीटी या अमेरिकन प्रवेशचाचण्यांची अट संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली. संस्थेचे सल्लागार हे सगळे व्यवस्थित समजावतात, पण २.३ ही मैदानात उतरण्याची किमान पात्रता आहे, महाविद्यालयाच्या प्रवेशाशी तिचा थेट संबंध नाही, हे ते सांगत नाहीत. पात्रता केंद्राने मान्यता दिलेल्या मुलीला महाविद्यालय खुशाल नाकारू शकते. आमच्या फाइलवर मात्र ‘शैक्षणिक अट पूर्ण’ असा शेरा मारून तो विषय मिटवण्यात आला होता.

जी महाविद्यालये अभ्यासाला अधिक महत्त्व देतात, तिथे तर या आकड्यांचा उपयोग आणखी कमी. आयव्ही लीग या गटातली हार्वर्डसह आठ नामांकित विद्यापीठे क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाहीत. शिवाय तिथे अभ्यासातल्या गुणांवरून अकॅडेमिक इंडेक्स नावाचा एक आकडा काढला जातो आणि निवडलेल्या खेळाडूंची सरासरी त्या विद्यापीठाच्या एकूण विद्यार्थ्यांच्या सरासरीपासून ठरावीक मर्यादेपलीकडे घसरू दिली जात नाही. याचा अर्थ असा की एका अव्वल खेळाडूसाठी गुणांत सूट द्यायची, तर संघातल्या दुसऱ्या कोणाचे तरी गुण चढे असावे लागतात. तिसऱ्या डिव्हिजनमध्येही क्रीडा शिष्यवृत्ती नाही. तिथे मदत मिळते ती आर्थिक गरज पाहून किंवा अभ्यासातली गुणवत्ता पाहून, आणि कोकणातल्या मध्यमवर्गीय घराला त्या मदतीवाचून पुढचे पाऊल टाकणे शक्यच नाही. तेव्हा आमच्यासारख्यांच्या बाबतीत गुण दोनदा मोजले जातात, एकदा प्रवेशासाठी आणि एकदा पैशासाठी.

खेळाच्या बाजूविषयी थोडक्यात. मुलगी मालवणची, चिवल्याच्या किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धांत लहानपणापासून उतरणारी. संस्थेने तिच्या माहितीपत्रात समुद्रातले अंतरच ठळक अक्षरांत छापले. लाटा, ओहोटी आणि प्रवाह यांमुळे समुद्रातल्या वेळेची तुलना करता येत नाही, त्यामुळे प्रशिक्षकांना हवी असते ती अधिकृत स्पर्धेतली, तलावातली वेळ. अमेरिकन महाविद्यालयांचा हंगाम २५ यार्डांच्या तलावात होतो आणि आपल्या ४०० मीटरच्या जागी तिथे ५०० यार्डांची शर्यत असते, हेही माहितीपत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. तलावातली अधिकृत वेळ हाती यावी म्हणून मुलीला घाट चढून पुण्याला बालेवाडीच्या ५० मीटर तलावात स्पर्धा द्यायला नेले. स्विमक्लाउड या संकेतस्थळावर प्रत्येक महाविद्यालयीन संघाच्या वेळा पाहता येतात, आणि आपली मुलगी कोणत्या संघात बसेल याचा अंदाज तिथे एका संध्याकाळीत येतो. हे संस्थेने पहिल्याच बैठकीत करायला हवे होते.

एक गोष्ट मात्र मला अजिबात खपली नाही. माहितीपत्रात राज्यस्तरावरच्या सहभागाला ‘राष्ट्रीय दर्जाची कामगिरी’ म्हटले होते. आम्ही आक्षेप घेतल्यावर ते बदलले, पण ‘सगळेच असे लिहितात’ हे त्यावरचे उत्तर होते. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात रिक सिंगर या सल्लागाराने कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवले, प्रशिक्षकांना पैसे चारले आणि शेवटी साडेतीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा भोगायला गेला. आमच्या माहितीपत्रातली अतिशयोक्ती त्या पातळीची नव्हती हे मान्य, तरीही सतरा वर्षांच्या मुलीच्या नावाने खोटे लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती पहाटे साडेचारला उठून जे कमावते, ते आहे तसे मांडले तरी पुरेसे आहे.

आता चांगली बाजू, आणि ती खरोखर चांगली आहे. पात्रता केंद्राला नववीपासूनच्या गुणपत्रिका मूळ भाषेत लागतात आणि सोबत ओळीला ओळ जुळणारे, प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. मराठी माध्यमाच्या शाळेतली नववीची गुणपत्रिका, तिच्यावर अर्धवट उमटलेला शिक्का, ‘जलसुरक्षा’ आणि ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ यांच्या श्रेणी, तोंडी परीक्षेचे वेगळे रकाने, हे सगळे परक्या देशातल्या तपासनीसाला समजेल असे मांडणे सोपे नाही. संस्थेतल्या कागदपत्रे पाहणाऱ्या ताईंनी प्रत्येक रकाना तपासला, मुख्य विषयांत काय धरले जाईल आणि काय नाही ते पेन्सिलने खुणा करून दाखवले, आणि मुख्याध्यापकांकडून पुन्हा सही-शिक्का घेण्यासाठी पत्राचा मसुदाही स्वतः तयार करून दिला. त्यांच्या कामात एकही चूक निघाली नाही. बारावीनंतर एखादे वर्ष थांबायचे असेल, तर बहुतेक खेळांत एका वर्षाची मुभा असते आणि त्यापुढे स्पर्धा खेळत राहिल्यास खेळण्याचा हंगाम गमवावा लागू शकतो, ही अत्यंत महत्त्वाची सूचनाही त्यांनीच दिली, सल्लागारांनी नव्हे.

प्रवेशाची खरी स्थिती आम्हाला कळली ती तिसऱ्या डिव्हिजनमधल्या एका महाविद्यालयाच्या प्रशिक्षिकेकडून. मुलीने स्वतः लिहिलेल्या साध्या ईमेलला त्यांनी उत्तर दिले, गुणपत्रिका मागवल्या आणि त्या प्री-रीडसाठी प्रवेश कार्यालयाकडे पाठवल्या. प्री-रीड म्हणजे अर्जापूर्वी केलेली अनौपचारिक छाननी. उत्तर स्पष्ट होते: पोहण्याच्या वेळा संघाला उपयोगी आहेत, विज्ञानाचे गुण समाधानकारक आहेत, गणित अकरावीत घसरले आहे आणि ते बारावीत सावरले नाही तर प्रशिक्षिकेच्या शिफारशीचा उपयोग होणार नाही. मुलीने तेव्हापासून संध्याकाळचा सराव कमी करून गणिताची शिकवणी लावली आहे. हे आम्हाला वर्षभर आधी कळले असते, तर तिच्यावरचा ताण बराच कमी झाला असता, आणि हे सांगण्यासाठीच तर आम्ही पैसे दिले होते.

अशा संस्थेकडे जाणाऱ्या पालकांनी, पैसे भरण्यापूर्वी, आपल्या मुलाच्या गुणांवर कोणत्या महाविद्यालयांत प्री-रीड पार पडण्याची शक्यता आहे असे सल्लागाराला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. देशातले पर्यायही त्याच बैठकीत विचारावेत. मद्रास आयआयटीने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या आहेत, त्यांपैकी एक मुलींसाठी आहे, आणि तिथेही जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण होण्याची अट सुटलेली नाही. आमच्या सल्लागारांना या योजनेची माहिती नव्हती.

संपूर्ण पॅकेज घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. ही संस्था आता कागदपत्रे आणि भाषांतराचे काम वेगळ्या, बऱ्याच कमी शुल्कात करून देते असे कळते. धाकट्या मुलासाठी वेळ आली, तर तेवढ्या कामापुरती मी त्यांच्याकडेच जाईन.