डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर, चौदा महिन्यांनंतर: वॉट नंतर, आधी मागचा एक्सल बघा

ट्रेनर, म्हणजे घरातच एका जागी सायकल चालवायचा स्टँड, घ्यायला निघालं की दुकानात आणि व्हिडिओंत तीनच आकडे कानावर पडतात: कमाल वॉट, कमाल चढ आणि अचूकता. वाहू किकर कोर १८०० वॉट, १६ टक्के, अधिक-उणे २ टक्के. एलिट सुइटो १९०० वॉट, १५ टक्के, अधिक-उणे २.५. टॅक्स निओ २टी २२०० वॉट, २५ टक्के, अधिक-उणे १. आकडे खरे आहेत, पण ट्रेनर घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी घोडं अडतं ते यांच्यापायी नाही. ते अडतं मागच्या एक्सलवर (चाकाच्या दांड्यावर), कॅसेटवर (मागच्या दात्यांच्या जुडग्यावर), पंख्यावर आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांवर.

हा अनुभव दोन ट्रेनरचा आहे. आधी एक पावसाळा फ्लुइड व्हील-ऑन, म्हणजे मागचं चाक रोलरवर टेकवायचा प्रकार. त्यानंतर चौदा महिने डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे चाक काढून चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर. आठवड्याला चार सत्रं, पाऊण तास ते दीड तास.

कमाल चढाचं आधी उरकून टाकू. ७५ किलोचा माणूस आणि ९ किलोची सायकल १६ टक्के चढावर ताशी ८ किमीने न्यायची तर नुसतं वजन वर उचलायलाच सुमारे २९० वॉट लागतात. हौशी सायकलस्वारांपैकी हे दहा मिनिटं टिकवणारे थोडेच. त्यात झ्विफ्टमध्ये (स्क्रीनवर आभासी रस्ता दाखवणारं अॅप) ट्रेनर डिफिकल्टी, म्हणजे चढ किती खरा जाणवावा याची सेटिंग, मुळातच ५० टक्क्यांवर लावलेली असते, त्यामुळे स्क्रीनवरचा १६ टक्के चढ पायाला ८ टक्क्यांसारखा जाणवतो. लागणारे वॉट तेवढेच राहतात, फक्त गिअर कमी बदलावे लागतात. म्हणून १६ आणि २५ टक्क्यांमधल्या फरकासाठी जादा पैसे मोजणं हौसेत जमा. अचूकतेचं मात्र तसं नाही. वॉटवर आखलेला सराव करणार असाल तर २ टक्क्यांच्या आतला ट्रेनर बरा. नुसता घाम गाळायचा असेल तर ५ टक्केही पुष्कळ झाले.

आता एक्सल. मोजपट्टी घ्या आणि मागचं चाक काढून फ्रेमच्या दोन फाट्यांमधलं आतलं अंतर मोजा. १३० मिमी आलं तर जुनी रिम ब्रेकवाली रोड बाइक, १३५ आलं तर क्विक रिलीजची (खटक्याने उघडणाऱ्या चाकाची) हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी सायकल), १४२ आलं तर १२ मिमीचा थ्रू-एक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड दांडा), आणि १४८ आलं तर बूस्ट एमटीबी. पहिल्या तिघांचे अडॅप्टर बहुतेक डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरच्या खोक्यातच असतात. १४८ चा बऱ्याचदा वेगळा घ्यावा लागतो, तेव्हा पैसे देण्याआधी विचारा. थ्रू-एक्सलवाल्या सायकलला स्वस्तातला व्हील-ऑन घेणार असाल तर तिथेही स्वतंत्र एक्सल लागतो. तो धरून हिशेब केला की ‘स्वस्तातला’ हा शब्द जरा पातळ होतो.

खरी गोची कॅसेटची. आपल्याकडच्या सहा-सात गिअरच्या बऱ्याच सायकलींना मागे कॅसेट नसते, आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं, आणि ते ट्रेनरच्या फ्रीहबवर (कॅसेट सरकवून बसवायच्या खाचेदार नळीवर) चढत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. चाक काढा, दात्यांच्या मधोमध जिथे पाना घालतात त्या खाचांकडे बघा आणि दाते उलटे फिरवा. खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. खाचा जागच्या जागी राहिल्या आणि दातेच फिरले तर फ्रीव्हील. फ्रीव्हील निघालं तरी सायकल बाद होत नाही. सात गिअरची वेगळी कॅसेट घ्यायची, दात्यांमधलं अंतर जवळपास तेच असल्याने शिफ्टर तोच चालतो. फक्त ट्रेनरचा फ्रीहब ११ स्पीडच्या रुंदीचा असला तर मागे दोन स्पेसर (पातळ चकत्या) घालायला लागतात: १.८५ मिमीचा आणि ४.५ मिमीचा. आठ, नऊ स्पीडला साधारणपणे १.८५ चा एकटा पुरतो. स्पेसर विसरलं की लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारं कडं) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते आणि जोर दिल्यावर गिअर आपोआप सरकतो. असे ‘ट्रेनर खराब निघाला’ म्हणणारे लोक भेटतात, आणि निघतो तो नव्वद रुपयांच्या चकतीचा प्रश्न.

लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर जोराने आवळावं लागतं. टॉर्क रेंच नसेल तर लांब दांड्याच्या पान्याने चांगलं आवळा, शेवटी कर्रकर्र असा आवाज यायला हवा. नवी कॅसेट आणि बारा-पंधराशे किलोमीटर चाललेली चेन यांचं जमेलच असं नाही, म्हणून चेन चेकर (चेनची झीज मोजायची पट्टी) लावून बघा. ०.५ टक्क्याच्या पुढे गेली असेल तर चेनही बदला, नाहीतर कॅसेट फुकट झिजते. आणि सायकल चढवल्यावर मागच्या डिरेलरचा (चेन दात्यांवर सरकवणाऱ्या भागाचा) बॅरल, म्हणजे केबल ताणायचा स्क्रू, पाव ते अर्धा फेरा इकडे-तिकडे करावा लागतोच, कारण चाकावरची आणि ट्रेनरवरची कॅसेट कधीच एका रेषेत येत नाही. रविवारी रस्त्यावर आणि सोमवारी ट्रेनरवर असा बेत असेल तर हे दर आठवड्याचं काम आहे. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असेल तर चाक काढल्याबरोबर पॅडमध्ये प्लास्टिकचा स्पेसर सरकवा. घरातल्या लहान मुलाने गंमत म्हणून ब्रेक दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसत नाही.

फ्लुइड व्हील-ऑनबद्दल थोडं, कारण बजेटमुळे बरेच जण तिथेच थांबतात, आणि थांबायला हरकतही नाही. आत सिलिकॉन तेलात पंखा फिरतो. वेग वाढला की रोध झपाट्याने वाढतो. कर्ट कायनेटिक या कंपनीने आपल्या रोड मशीनचं समीकरणच जाहीर केलं होतं. त्यानुसार ताशी २४ किमीला सुमारे १४२ वॉट, ३२ ला २५५ आणि ४० ला ४२५. म्हणजे साधा स्पीड सेन्सर लावूनही वॉटचा बरा अंदाज मिळतो. अट एकच, तेल गरम झालेलं पाहिजे. थंड तेल घट्ट असतं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तोच वेग ठेवायला जास्त जोर लागतो, आणि पुढे दम लागलेला असतानाही वेग आपोआप वाढतो. सुरुवातीच्या दहा मिनिटांचा आकडा वहीत लिहूच नये.

व्हील-ऑनचा दुसरा त्रास टायरचा. रोलर टायरला नुसता टेकला की तिथून नॉब साधारण दोन फेरे आवळायचा आणि टायरमध्ये हवा दर वेळी तेवढीच ठेवायची. पारख अशी: फ्लायव्हील (ट्रेनरचं जड फिरतं चाक) एका हाताने धरून दुसऱ्या हाताने चाक फिरवायचा प्रयत्न करा. टायर घसरला तर आणखी अर्धा फेरा. ढिलं राहिलं तर उभं राहून जोर दिल्यावर टायर किंचाळतो आणि खाली काळ्या रबराचा भुगा पडतो. जास्त आवळलं तर टायर मधोमध सपाट होतो. गोट्यांच्या एमटीबी टायरवर हा प्रकार करूच नका, अख्खी इमारत दणाणते. गुळगुळीत टायर टाका किंवा ट्रेनरचा कडक टायर जुन्या चाकावर चढवून ठेवा. तो टायर रस्त्यावर मात्र नेऊ नये, ओल्या वळणावर पकडच देत नाही. आणि मागच्या चाकाचा स्क्यूअर (आरपार जाणारी बारीक सळई) ट्रेनरसोबत आलेला पोलादीच लावा. हलका अॅल्युमिनियमचा ट्रेनरच्या वाटीत नीट बसत नाही.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये टायरचं सगळं झंझट संपतं, आणि चौदा महिन्यांनी हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो. त्या बदल्यात अर्ग मोडची (ठरवलेले वॉट ट्रेनरने स्वतः राखायचे) भानगड समजून घ्यावी लागते. अर्गमध्ये २०० वॉट ठरवले की पाय हळू फिरवा की भरभर, ट्रेनर २०० च देतो. पाय मंदावला की तो रोध वाढवतो, त्याने पाय आणखी मंदावतो, तो आणखी वाढवतो, आणि दहा सेकंदांत पेडल चिखलात रुतल्यासारखं अडकतं. उपाय दोन. कठीण टप्पा सुरू व्हायच्या पाच-सहा सेकंद आधी केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९०-९५ वर न्या. आणि अडकलातच तर झगडू नका. पाय थांबवा, रोध सुटू द्या, हलकं फिरवत पुन्हा या.

अर्गमध्ये पुढची, पेडलजवळची लहान चेनरिंग आणि मागे मधला दाता ठेवावा. मोठ्या चेनरिंगवर फ्लायव्हील इतकं जोरात फिरतं की विश्रांतीच्या टप्प्यात ट्रेनरला १०० वॉटवर उतरताच येत नाही, १३०-१४० वर लटकतो. लहानवर आवाजही कमी. डोंगरासारखं वाटायला हेच बरं, मोठी चेनरिंग सपाट रस्त्याच्या भासाला. दाते आलटून-पालटून वापरा, नाहीतर एकच दाता झिजून बाकीची कॅसेट कोरी राहते.

कॅलिब्रेशन (ट्रेनरचे आकडे जुळवून घेणं), म्हणजे स्पिनडाउन (वेग वाढवून चाक आपोआप थांबू देणं), ज्या मॉडेलला लागतं त्याचं नेहमी दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर करावं. पट्टा आणि बेअरिंग थंड असताना केलं की पुढचे आकडे वाकडे येतात. ट्रेनर जागचा हलवला किंवा हवामान पालटलं की पुन्हा. टॅक्स निओला ते लागतच नाही, आणि तो वीज नसतानाही चालतो. विजेच्या चुंबकावर चालणाऱ्या बाकीच्या बऱ्याच ट्रेनरची वीज गेली की रोध जवळजवळ शून्य होतो आणि पाय हवेत फिरतात. इन्व्हर्टर असेल तर त्यामागची कळ यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज पालटायला लागणाऱ्या क्षणभरात ट्रेनर रीस्टार्ट होतो, अॅपमधला संपर्क तुटतो. राउटरही त्याच लाइनवर घ्या.

ट्रेनर अॅपमध्ये दिसतच नसेल तर दहापैकी आठ वेळा गुन्हेगार खिशातला फोन असतो. कंपनीचं अॅप मागे उघडं असतं आणि ट्रेनरचं ब्लूटूथ त्यानेच धरून ठेवलेलं असतं. ते बंद करा. एएनटी प्लस या बिनतारी जोडणीचा डोंगल वापरत असाल तर दीड-दोन मीटरची यूएसबी केबल लावून तो सायकलखाली आणा, लॅपटॉपमागे ठेवला की वॉटचा आलेख मध्येच तुटतो. झ्विफ्टची वर्गणी जड वाटत असेल तर मायव्हूश फुकट आहे, आणि नुसत्या सरावाला त्यात काही कमी नाही.

गरमीचा विषय लोक शेवटी काढतात, तो आधी काढावा. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग पेडलला देतं. १५० वॉट काढत असाल तर साडेचारशे वॉटच्या आसपास उष्णता शरीरातून बाहेर पडत असते, आणि ती नेणारा वारा घरात नसतो. छताचा पंखा निरुपयोगी, तो गरम हवाच खाली ढकलतो. समोर दीड मीटरवर, छातीच्या उंचीला, मोठा पेडेस्टल पंखा हवा, आणि मागची खिडकी उघडी. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात एक पंखा अपुरा पडतो, कारण ओल्या हवेत घाम वाळतच नाही. पंखा कमी पडल्याची खूण: वॉट तेच, पण अर्ध्या तासाने हृदयाचे ठोके पंधरा-वीसने वर. तंदुरुस्ती बिघडलीय असं वाटून लोक सराव बदलतात, बदलायचा असतो पंखा.

घाम सायकलला खातो, आणि तो नेमका दिसत नाही तिथे खातो. थेंब स्टेमवर (हँडल धरणारा भाग), हेडसेटवर (त्याखालचं बेअरिंग) आणि हँडलच्या टेपमध्ये जातात. चार-पाच महिन्यांनी टेप सोडून बघा. अॅल्युमिनियमच्या हँडलवर पांढरी पूड आणि खड्डे दिसले तर हँडल बदला, ते वाकायची वाट बघत बसत नाही, तुटतं. स्टेमचे स्क्रू दोन महिन्यांनी काढून ग्रीस लावून परत बसवा. हँडलवर आडवा टॉवेल आणि सीटपासून स्टेमपर्यंत घामाची जाळी एवढ्यानेही निम्मं नुकसान वाचतं. सत्र संपल्यावर ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. नुसत्या कोरड्याने मीठ पसरतं.

आवाजाबद्दल दुकानदार जे सांगतो ते खोलीतल्या आवाजाबद्दल असतं. डायरेक्ट ड्राइव्ह खोलीत खरंच शांत असतो, पंख्याचाच आवाज जास्त. खालच्या घरात जातो तो थरथराट. चार-पाच मिमीची योगा मॅट फरशी वाचवते, थरथराट थांबवत नाही. जिमच्या जाड रबरी लाद्या, वर १८ मिमी प्लायवूड, वर ट्रेनर, हा थर बराच उपयोगी पडतो. पहाटे साडेपाचला उभं राहून स्प्रिंट मात्र कुठल्याही थरावर मारू नये, सोसायटीच्या बैठकीत विषय निघतो.

बूड दुखण्याची तक्रार सीट बदलून जात नाही, कारण सायकल डोलतच नाही. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहा.

नवीनच घ्यायचा तर भारतातल्या विक्रेत्याचं बिल असलेला घ्या. परदेशातून आणलेल्या नगाची वॉरंटी इथे चालेल की नाही हे खरेदीच्या आधी लेखी विचारा. जुना बघायला गेलात तर चेन न लावता फ्रीहब हाताने दोन्हीकडे फिरवा. उलटा फिरवताना टकटक एकसारखी यायला हवी, मध्ये चुकली तर आतले कुत्रे (टकटक करणारे खटके) किंवा स्प्रिंग गेलेत. मग कॅसेट धरून आडवी हलवा, खेळ जाणवला तर बेअरिंग. त्यानंतर वीज लावून वीस मिनिटं चालवून बघा. थंड ट्रेनर गप्प असतो, पट्ट्याची कुरकुर गरम झाल्यावरच ऐकू येते. आणि मूळ खोका थर्माकोलसकट मागून घ्या. १८ किलोचं धूड दुरुस्तीला कुरिअरने पाठवायची वेळ आली की त्या खोक्याशिवाय ट्रेनरचा पाय वाकूनच परत येतो.