गियर अडतोय: सर्व्हिस सेंटर की मिस्त्री?

गाडी वॉरंटीत असेल तर फार विचार करू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या. क्लच प्लेट झिजणारा भाग म्हणून बहुधा वॉरंटीत धरत नाहीत, पण गियरबॉक्सच्या आतलं काही निघालं तर बाहेरच्याने हात लावलेला नसलेला बरा. खरा पेच आहे तो वॉरंटी संपलेल्या, मॅन्युअल, डिझेल, घरच्या सात सीटर गाडीचा. माझ्याकडे तशीच आहे आणि मी दोन्हीकडे जाऊन आलोय.

कुठेही नेण्याआधी क्लचखालची मॅट काढून गाडी चालवून बघा. जाड मॅटमुळे पेडल तळापर्यंत जात नाही आणि दोष बिचाऱ्या गियरबॉक्सवर येतो. मग इंजिन बंद ठेवून सगळे गियर टाका. बंद गाडीत सहज पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पुरता सुटत नाही, म्हणजे इंजिन गियरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाही, असं समजायला हरकत नाही. बंद गाडीतही अडत असतील तर केबल, लिंकेज (दांड्यापासून गियरबॉक्सपर्यंतचे जोड) किंवा आतलं काही. एकटा दुसराच गियर घासत असेल तर संशय सिंक्रो रिंगवर, म्हणजे गियर पडताना दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या कडीवर. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रो नसतो, म्हणून क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा. तरीही कर्र वाजलं तर पुन्हा क्लचच.

सर्व्हिस सेंटरच्या बाजूने बोलायचं तर बिल पक्कं, पार्ट ओरिजिनल, आणि गियर ऑइल ठरलेल्या ग्रेडचंच पडतं. ही शेवटची गोष्ट लहान नाही. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग, वेगळं असतं आणि त्याला सहसा जीएल-५ ग्रेडचं ऑइल लागतं. घाईतला मिस्त्री त्याच डब्यातून गियरबॉक्सही भरून मोकळा होतो. पुष्कळ गियरबॉक्सना जीएल-४ हवं असतं. जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगला मानवतीलच असं नाही. म्हणजे गियर सुधारायला गेलात आणि वर्षभराने आणखी कडक झाला, असंही होऊ शकतं.

एवढं असूनही माझं मन तिथून उडालं ते एका गोष्टीमुळे. माझी गाडी सकाळी अगदी गुणी असायची. नागपुरात वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरून नेली तरी तक्रार नाही. मे महिन्यात भर दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत शिरली, क्लच सारखा दाबावा लागला, की पहिला गियर पडायलाच तयार नाही. व्हरायटी चौकात सिग्नल हिरवा, मागे ऑटोवाल्याचे हॉर्न आणि मी दांडा ढकलतोय. हे सगळं मी सर्व्हिस सेंटरच्या अॅडव्हायझरला, म्हणजे गाडी घेणाऱ्या माणसाला, सांगितलं. जॉब कार्डवर उतरलं ते एवढंच: ‘गियर हार्ड’. गाडी रात्रभर थंड झालेली, सकाळी वर्कशॉपच्या आवारात एक फेरी मारली. ‘सर, आम्हाला तर काही जाणवलं नाही.’ बरं, काही जाणवलं नाही तर सोडून द्यायचं ना? तर हातात एस्टिमेट: क्लच किट, सोबत फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ती इंजिनची जड चकती), वर गियरबॉक्स उतरवायची मजुरी. आकडा पाच अंकी. हात लावणाऱ्या मेकॅनिकशी बोलू द्या म्हटलं, तर ग्राहकांना आत सोडत नाहीत.

मिस्त्रीचं गॅरेज वाडीकडे, अमरावती रोडला. फोनवरच म्हणाला, ‘दुपारी आणा भाऊ, गाडी गरम पाहिजे.’ शेजारी बसला, गर्दीत घालायला लावली. गियर अडल्यावर म्हणाला, ‘आता क्लच भराभर पंप करा.’ केला, आणि गियर पडला. ‘गियरबॉक्सला काही नाही झालं. क्लच पूर्ण सुटूनच नाही राहिला.’ गॅरेजमध्ये गाडीखाली शिरून त्याने क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबर बूट अंगठ्याने मागे सारलं आणि ओला झालेला अंगठा मला दाखवला. सील गळत होतं. माझ्या गाडीचा क्लच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, आणि आतलं ते ऑइल उकळलेल्या चहाच्या रंगाचं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट-४ ग्रेडचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर ती हमी १५५ वर येते. मग गरम गाडीत ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडलचा जोर क्लचपर्यंत पुरता पोचत नाही. सिलिंडर बदलला, नवं ऑइल भरून एअर काढली. बिल चार अंकी.

माझ्या गाडीत तो सिलिंडर बाहेर होता, हे नशीब. काही गाड्यांत तो बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, आत असतो, मग गियरबॉक्स उतरवावाच लागतो आणि एस्टिमेटमधला फरक बराच कमी होतो. हे आधी विचारून घ्या.

मिस्त्रीकडे त्रास नाही असं नाही. ‘उद्या या’चे दोन-तीन उद्या होतात, पक्कं बिल मागितलं की चेहरा पडतो. पार्टची भीती मात्र पूर्वीइतकी नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना दंड ठोठावला होता. माझ्या गाडीचा सिलिंडर मला काउंटरवर सहज मिळाला. पार्ट आणि ऑइल स्वतः आणून द्यावं, डब्यावरची ग्रेड गाडीच्या पुस्तकाशी ताडून.

एएमटी (क्लच पेडल नसलेली, गियर आपोआप बदलणारी) किंवा ऑटोमॅटिक असेल तर माझं ऐकू नका. तिथे स्कॅनरशिवाय भागत नाही, सर्व्हिस सेंटर बरं. सिंक्रोसाठी गियरबॉक्स उघडायचा असेल तरीही मी थोडा विचार करीन. पण मॅन्युअल गाडी गरम झाल्यावरच अडत असेल, तर मी तरी आधी शेजारी बसून बघणाऱ्याकडेच नेईन. एस्टिमेट त्यानंतर.