थंड इंजिनची टिकटिक आणि साडेतीनशेचा स्टेथोस्कोप: सात महिने वापरल्यावर

मागच्या डिसेंबरात मेकॅनिकवाला स्टेथोस्कोप घेतला होता, डॉक्टरचा असतो तसाच, फक्त पुढे चकतीऐवजी लांब लोखंडी सळई. तेव्हा मला कोणाचाच धड अनुभव वाचायला मिळाला नव्हता म्हणून आता लिहून राहिलो.

गाडी डिझेल पिकअप, काटोलकडून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्रा आणतो. पहाटे चारला सेल्फ मारला की बोनेटखाली टिक टिक टिक चालू, आणि आठ-दहा मिनिटांत आपोआप बंद. दोन गॅरेजला दाखवली पण गाडी तिथं पोचेपर्यंत गरम झालेली, आवाज काय ऐकणार! एकानं टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) सांगितलं, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग खोलावा लागेल म्हणे. दुसरा म्हणे काकाजी, थंडीत ऑइल जाड होते, चालवत रहा. पण माझ्या गाडीत 15W-40 नंबरचं ऑइल आहे, त्यातला 15W हा उणे 20 डिग्रीला तपासलेला असतो, नागपूरची आठ-नऊ डिग्री त्याच्यासमोर काहीच नाही.

मग स्वतःच पहाटे टॉर्च घेऊन उभा राहिलो. आधी डिपस्टिक पाहिली, लेव्हल बरोबर. आवाज किती वेळ टिकतो ते मोबाईलवर मोजलं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. हायड्रॉलिक टॅपेटमधलं ऑइल रात्रभरात उतरलं असेल, नाहीतर फिल्टरमधला ऑइल परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह गेला असेल, तर बहुतेक वेळा प्रेशर आल्यावर काही सेकंदांत आवाज थांबतो. माझा थांबत होता टेम्परेचरचा काटा वर चढल्यावर, म्हणजे लोखंड तापून फुगून फट बुजल्यावर. अशा वेळी पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो का आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा पाइप) कुठं लीक आहे का, हे दोन बघायचे.

सळई हेड कव्हरवर टेकवली तर आवाज दूरचा. डिझेल फवारणाऱ्या चारही नोजलवर एकेक करून लावली, सगळ्यांची टकटक सारखी, कॉमन रेल डिझेलमध्ये तेवढी असतेच. ब्लॉकवर खाली ठक ठक नाही, म्हणजे पिस्टन नाही. मग सळई काढून नुसती रबरी नळी एक्झॉस्ट मेनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) कडेनं फिरवली (लीक हवेतून ऐकू येतो, लोखंडातून तेवढा नाही) आणि मागच्या सिलिंडरजवळ कानात फट् फट् असा चोख आवाज आला. तिथंच पॅकिंगच्या कडेला काळी काजळी, आणि शेवटच्या स्टडचं (मेनिफोल्ड आवळून धरणारा बोल्ट) डोकंच नाही! रोज तापून-थंड होऊन तुटला असणार.

गाडी रात्रभर गॅरेजला ठेवली, सकाळी मिस्त्रीच्याच कानाला नळी लावली, तेव्हा तो मानला. तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून तो फिरवून काढला, नवीन स्टड, नवीन पॅकिंग. हेड न खोलता काम झालं आणि जानेवारीची सगळी थंडी गाडी शांत चालली.

आता स्टेथोस्कोपबद्दल. सुरुवातीला सगळंच मोठं ऐकू येतं, डोकं गरगरतं, चांगल्या इंजिनवर आठवडाभर कान बसवा मगच बिघाड कळतो. उन्हाळ्यात बेल्टच्या पुलीचं बेअरिंगही यानंच सापडलं. कानातले बोंडूक फार कडक आहेत, दुखतात. मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवला तर नळीला चिरा पडल्या, मेडिकलमधून तशाच मापाची नळी आणून बसवली. सळईचा स्क्रू ढिला होतो, दर वेळी आवळूनच घ्या.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो, चालू इंजिनवर वाकताना गळ्यातला मफलर काढा, बाह्या वर करा आणि नळी बेल्ट-फॅनपासून लांब धरा, पहाटेच्या अंधारात ते फिरताना दिसतसुद्धा नाही.